दुबईत यजमान कोण?

न्यूझीलंडला जायचं म्हणून मी पासपोर्ट काढला आणि उतरले दुबईत. सांगलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. 'माओरी संस्कृती आणि शाश्वत राहणी' असा एक अभ्यासक्रम तिकडच्या एका संस्थेने जाहीर केला होता, माझी निवड झाली होती, सगळ्या स्टाफरूमला पेढे वाटून झाले होते, आणि तेवढ्यात जगावर मंदी आली. संस्थेने हात आखडता घेतला. कळवलं की वर्ग आता दुबईत भरेल, मुदतही दीड महिन्यावर आली आहे, शिक्षिका मात्र माओरीच, म्हणजे तिकडच्या मूळच्या लोकांतलीच, असेल. आमचे हे म्हणाले, "पाणी वाचवायचं शिकायला वाळवंटात जायचं. उत्तम. तिथे वाचवायला आहेच कुठे?" मी दुर्लक्ष केलं. सासर, माहेर आणि कॉलेज या तिन्हींपासून एकदम सुटका पुन्हा कधी व्हायची होती!

देरा

२००९चा फेब्रुवारी होता. विमानतळाबाहेर धूळ खात पडलेल्या गाड्या होत्या, आणि मला घेऊन येणारा पठाण टॅक्सीवाला दर दुसऱ्या इमारतीकडे बोट दाखवून "ये भी बंद, वो भी बंद" करत होता. क्रेन मात्र सगळ्या जागच्या जागी उभ्या. मला शहर आवडलं की नाही हे ठरवायला वेळच मिळाला नाही, कारण देरा नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत शिरल्याशिरल्या तळलेल्या बांगड्याचा वास आला आणि मी ओळखलं, हेच घर.

राहायची सोय ओळखीतून झाली होती. जुबेदाभाभी आणि हनीफभाई, दाभोळच्या खाडीकाठचे. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा मुंबईला कॉलेजात, म्हणून त्याची खोली मला. हनीफभाई अल क्वोजमध्ये एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. 'होते' म्हणते, कारण मी पोचायच्या आठवड्यातच वर्कशॉपला टाळं लागलं होतं. कंपनीने थोडी मुदत दिली होती, त्यानंतर व्हिसा रद्द, आणि बावीस वर्षांचा संसार गुंडाळून गावी.

"ताई, तुमी निवांत राहा," हनीफभाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. "इन्शाल्ला, तुमचा कोर्स आणि आमचा व्हिसा एकदमच खलास होईल." आणि स्वतःच हसले. भाभी हसली नाही. ती पेट्या भरत होती, भरलेल्या पुन्हा उपसत होती. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं सामान, बाईचा जीव अडकणारच. घरोघरी असतंच.

वर्गात एसी इतका की मी सांगलीच्या थंडीसाठी विणलेला स्वेटर फेब्रुवारीतल्या दुबईत घालून बसले. शाश्वत राहणीचा पहिला धडा तिथेच मिळाला असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं. शिक्षिका आल्या. साठीच्या, धिप्पाड, पांढऱ्या केसांच्या, आणि हनुवटीवर ओठापासून खालपर्यंत हिरवट नक्षी गोंदलेली. नाव अरोहा. सगळे अरोहा-अरोहा करत होते, पण माझ्याच्याने शिक्षिकेला नुसतं नावाने हाक मारवेना. मी आपलं अरोहाबाई म्हणायला लागले. त्यांना वाटलं तो भारतातला काहीतरी किताब असावा. मीही दुरुस्त केलं नाही.

ओळख करून द्यायची त्यांची रीत उलटी. आपलं नाव शेवटी. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग आपले पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कुळ. वर्गात आम्ही डझनभर होतो. केरळचे इंजिनिअर, फिलिपिनो नर्स, एक आयरिश मास्तर, असे सगळे कुठून कुठून आलेले. डिस्कव्हरी गार्डन्सला राहणारी एक मराठी पोरगी होती, जन्म दुबईचाच. तिने नदी म्हणून "मॅम, जुमेरा बीच चालेल?" असं इंग्रजीत विचारलं. माझी पाळी आली तेव्हा दंडोबाचा डोंगर झाला, कृष्णा नदी झाली, होडीपाशी गाडी अडली. आमचे पूर्वज महापूर आला तरच होडीत बसतात. तसं सांगितलं. बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "बसतात ना? मग झालं."

दुपारी मी सवयीने टेबलाच्या कडेवर टेकले. आपल्याकडे तास घेताना कोण खुर्चीत बसतं! बाई एकदम, "उठा." ज्यावर अन्न ठेवतात त्यावर बूड टेकायचं नाही म्हणे, अंगाचं अंगाला आणि अन्नाचं अन्नाला. घ्या! मी खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला हात लावला म्हणून आयुष्यभर सासूची बोलणी खाल्लेली बाई, आणि मला सोवळं शिकवायला माओरी निघाली. पण खरं सांगते, त्या क्षणापासून मला त्या आपल्याशा वाटायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात गृहपाठ असा की आपला सगळा कचरा टाकायचा नाही, साठवायचा आणि वर्गात आणायचा. सगळ्यात मोठी पिशवी माझी निघाली. पाण्याच्या बाटल्या. मी तिथे पर्यावरणाच्या गप्पा हाणत होते, तेव्हा जमिनीने दुभंगून मला आत घ्यावं असं वाटलं.

मग विणकाम सुरू झालं. त्यांच्याकडे एका झुडपाच्या लांब पात्यांच्या टोपल्या विणतात. ते झाड इथे कुठलं, म्हणून नगरपालिकेने छाटलेल्या खजुराच्या झावळ्या आणल्या. विणण्याआधी बाईंनी नियम सांगितला. त्यांच्या झुडपाची मधली कोवळी पात म्हणजे मूल. तिच्या दोन बाजूंच्या पाती म्हणजे आईबाप. या तिघांना कधीही कापायचं नाही. बाहेरची जुनी पानं, म्हणजे आजे-पणजे, तेवढी घ्यायची.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी टोपली घेऊन बसले आणि अर्थातच गुंता केला. भाभीने हातातून काढून घेतली. लहानपणी नारळाचे झाप विणलेले हात ते. विणता विणता मी तिला तो नियम सांगितला, जरा शिक्षिकेच्याच थाटात. भाभीचे हात थांबले.

"आणि मधलं पान आपोआप गळलं तर?" तिने विचारलं.

मग तिनेच सांगितलं. मुलाच्या आधी एक मुलगी झाली होती, इथेच. समीना. आठवडाभरही जगली नाही. हनीफभाईंनी आणि कंपनीतल्या चार माणसांनी तिला अल क्वोजकडच्या कब्रस्तानात नेलं. दर ईदला हनीफभाई जाऊन येतात. भाभी एकदाही गेलेली नाही. त्यांच्या गावात बायका कब्रस्तानात पाऊल टाकत नाहीत.

"गावी असते तर निदान भिंतीपलीकडे आहे एवढं तरी झालं असतं," ती म्हणाली. "आता ही भिंतसुद्धा सुटणार. एकदा बघू दे म्हटलं यांना. नाय म्हणाले. आमच्यात नाय ना जात. तेवढंच म्हणतात, दुसरं काय बोलत नाय." मग टोपलीचा काठ वळवून माझ्या हातात दिला. "घे, हे बाईंना दाखव."

तेव्हा मला पेट्यांचा उलगडा झाला. सामानात जीव अडकलाच नव्हता.

अल ऐन

एका शनिवारी वर्गाची सहल निघाली. वाटेतल्या वाळूबद्दल सगळ्यांनी फार लिहून ठेवलंय, मी काही भर घालत नाही. अल ऐनला खजुरांची जुनी राई आहे. आत शिरलं की ऊन एकदम पायाशी पडतं आणि बारीक पाटातून पाणी वाहत असतं. या पाटाला ते फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून आणलेलं पाणी, प्रत्येक बागेला ठरलेला वाटा. एका बागेचा मालक, अबू सईद नावाचा म्हातारा, आम्हांला हिंडवत होता. पूर्वी सावली मोजून पाळी बदलत, असं तो सांगत होता. मी विचारलं, "आणि भांडणं?" तो दाढीतल्या दाढीत हसला. "माझ्या बापाचे आणि चुलत्याचे बोलणे पाण्यावरून बंद होते." मला एकदम माझे दीर आठवले. उसाच्या पाळीवरून ते सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नाला आले नव्हते. इतकं लांब येऊन माणसाला घरचीच भांडणं भेटतात.

काही विचारायचं तर आधी खायचं, अशी म्हाताऱ्याची अट. हात धुतले, खजूर आले, वेलदोड्याची कॉफी आली. नको असेल तर रिकामा पेला हलवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नम्रपणे पेला पुढे धरून बसले आणि तो नम्रपणे भरत राहिला. शेवटी छातीत धडधडायला लागलं तेव्हा अरोहाबाईंनीच माझा पेला काढून घेतला. त्या रात्री मला झोप नाही.

परतीच्या बसमध्ये बाईंनी शेवटच्या परीक्षेचं काढलं. पेपर नाही. पाहुण्यांना घरात घेण्याचा त्यांचा विधी आम्ही करून दाखवायचा. पाहुणे लांब उभे राहतात. त्या जागेची एक बाई त्यांना हाक घालते. तिने बोलावल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. तिच्या हाकेत दोन्हीकडच्या गेलेल्या माणसांची आठवण येते, मग भाषण, भाषणामागे गाणं, नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून भेट, आणि शेवटी जेवण.

"तर सांगा," बाई म्हणाल्या, "आपल्यात दुबईचं कोण? हाक कोण घालणार?"

आयरिश मास्तर म्हणाला, "इथे सगळेच व्हिसावर आहेत." डिस्कव्हरी गार्डन्सची पोरगीसुद्धा, जन्मली इथे, पण तीही बापाच्या व्हिसावर. कुणीतरी अबू सईदचं नाव काढलं. तो त्या आठवड्यात मक्केला निघाला होता. म्हणजे अख्ख्या वर्गात पाहुणेच पाहुणे, यजमान नाही. मला हसू आलं. मांडव घालून नवरी नाही तशातली गत.

बाई म्हणाल्या, "माझी आजी कागद विचारायची नाही. ती विचारायची, तुझं माणूस कुठल्या मातीत आहे? तिथे तुला उभं राहायला जागा आहे. कुणाचं माणूस आहे इथल्या मातीत?"

देराला उतरल्यावर जिने चढता चढता माझं ठरलं होतं.

"आमी कसले यजमान!" भाभीने कपाळाला हात लावला. "आमचाच व्हिसा कॅन्सल. उद्या निघायचं आणि आज दुसऱ्यांना म्हणायचं, या, बसा?" हनीफभाई पलीकडे पेटीला दोरी बांधत होते. ते म्हणाले, "अगो, मेहमान येतायत, येऊ देत. बिर्याणी कर." त्यांना बिर्याणीपुरतंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी, माझ्याकडून समीनाचं ऐकून, अरोहाबाई स्वतः विचारायला आल्या. चपला दारात काढल्या, यावर भाभी निम्मी खूश झाली. मग बाईंनी नाक पुढे केलं आणि भाभी भिंतीपर्यंत मागे सरकली. मी समजावल्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाईही हसत सुटल्या. मग दोघी कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या, जरा जास्तच वेळ. बाई म्हणाल्या, "माझी हाक चोरू नको. तुझ्या गावात लांबच्या माणसाला जसं बोलावतात तसं बोलाव. आणि तुझं जे माणूस इथे आहे, त्याच्या वतीने बोलाव." मी ते मराठीत सांगितलं. हनीफभाई तेवढ्यात खाली गेले होते, गावी धाडायच्या पेट्या पोचवायला. भाभीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "करते."

गच्ची

भाभी-हनीफभाईंच्या निघायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. इमारतीच्या गच्चीवर चादरी अंथरल्या. खाली खाडी, धक्क्याला लागलेली लाकडी गलबतं, त्यांच्यावर इराणला जायचे फ्रीज नि टायर. आम्ही पाहुणे जिन्याच्या वरच्या वळणावर उभे. बायका पुढे, पुरुष मागे. हनीफभाई भाभीच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात. यजमानातर्फे भाषण त्यांचं होतं. इंग्रजीतली दोन वाक्यं ते सकाळपासून घोकत होते. मी ऐनवेळी यजमानांकडे गेले, कारण भाषणामागे गाणं लागतं आणि त्यांच्याकडे गायला कुणी नव्हतं.

भाभी पुढे झाली. मला धास्ती, ही तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणार. बावीस वर्षं या बाईने शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मोठ्याने भांडीसुद्धा घासली नव्हती. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि खाडीच्या या तीरावरून पलीकडच्या तरीवाल्याला घालतात ती हाक घातली.

"येवाऽऽऽ गोऽऽऽ! येवाऽऽऽ!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस थांबला. दोन इमारतींपलीकडे खिडक्या उघडल्या.

"तुमची गेलेली मानसं घेऊन येवाऽऽऽ! माजी समीना हाय हितंऽऽ! समीना तुमाला बोलावतेऽऽऽ!"

जिन्यातून पाहुणे सावकाश वर आले. त्यांना शब्द कळले नव्हते, पण फिलिपिनो नर्स रडत होती आणि अरोहाबाईही रडत होत्या, मोठ्याने, काही न लपवता. त्यांच्यात या वेळी रडायचंच असतं. मी हनीफभाईंकडे पाहिलं. ते भाभीकडे बघत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं, मुलगी गेल्यापासून ते नाव दोघांनी एकमेकांसमोर कधी उच्चारलंच नव्हतं.

त्यांची पाळी आली. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. ते मराठीत म्हणाले, "हिने सांगितलं ते सगळं." आणि खाली बसले.

आता गाणं. मला गाणी येतात ती दोन प्रकारची, आरत्या आणि बारशाचे पाळणे. मराठी बाईला चारचौघांत गा म्हटलं की यांतलंच काहीतरी बाहेर पडतं. मुसलमान घरात आरती कशी म्हणू, म्हणून मी डोकं चालवलं आणि पाळणा धरला. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं, मी काय गातेय आणि कुणापुढे. मी मध्येच थांबले. अरे देवा, अख्ख्या दुबईत मला दुसरं गाणं सुचू नये!

"थांबू नको," भाभी म्हणाली. "पुरा कर."

मी पुरा केला. बेसूर झाला. भाभी मांडी घालून ऐकत होती, आणि तिची एक मांडी लयीत हलत होती.

मग नाकाला नाक लावून सगळ्यांशी भेटी झाल्या. हनीफभाई प्रत्येकाला आधी सलाम करून मग नाक देत होते. मग बिर्याणी, तांदळाच्या भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. जवळा खाताना आयरिश मास्तराच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला की हे विधीचंच आहे. सगळे पास झाल्याचं बाईंनी सांगितलं. भाभीलाही पास केलं.

ताटं आवरली जात होती. हनीफभाईंनी खिशातून पिकअपची किल्ली काढली. गाडी दुसऱ्या दिवशी कंपनीला परत करायची होती.

"चल," ते भाभीला म्हणाले.

"कुठे?"

"चल म्हणतो ना. यल्ला."

भाभीने माझा हात धरला तो सोडलाच नाही, म्हणून मीही गेले.

अल क्वोज

पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसलो. गोदामांची दारं बंद, कामगारांच्या बसगाड्या ओळीने उभ्या. हनीफभाईंनी त्यांच्या वर्कशॉपकडे मानही वळवली नाही. वाटेत एकदाच बोलले, आणि तेही माझ्याशी. "ताई, गेटवर कोनी काय बोललं तर तुमी मध्ये पडू नका. मी बघतो. सांगीन, आई हाय तिची." हे ते दोनदा म्हणाले. रस्ताभर मनात तयारी चालली असणार.

कब्रस्तानाची भिंत लांबच लांब. फाटकाशी खुर्ची टाकून एक रखवालदार फोनवर बोलत होता. हनीफभाई छाती पुढे काढून त्याच्याकडे गेले, मागे भाभी. त्याने मान वर केली, सलाम केला, हाताने आत दाखवलं आणि पुन्हा फोनवर बोलू लागला. बस्स. एवढंच झालं.

भाभी फाटकात थांबली. नवऱ्याला म्हणाली, "मग इतकी वर्सं अडवत कोन होता?"

हनीफभाई खाली बघत उभे राहिले. माझा संताप संताप झाला, त्यांच्यावर, त्यांच्या गावावर, आणि खरं तर कुणावर करावा तेच कळेना, कारण माणूस रडत होता. मग त्यांनी हात पुढे केला आणि भाभीने तो धरला.

मी बाहेरच राहिले. आत रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात सपाट जमीन, ओळीने बारीक बारीक दगड, नाव कशावरच नाही. दोघं चालत चालत भिंतीच्या टोकापर्यंत गेली. हनीफभाई न चुकता एका जागी थांबले. भाभी खाली बसली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. अजान झाली तेव्हा ती उठली.

परत आली तेव्हा तिचे हात मातीने भरले होते. तिने ते झटकले नाहीत. गाडीत बसली, दार लावून घेतलं, आणि मातीचे हात मांडीवर पालथे ठेवले.

"केवढीशी जागा गो ताई," ती म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, इतक्या वर्सांत वाढली असंल."